हितं एक बी न्हाय

कोल्हापूरहून शिरोळकडं निघालेल्या एस.टी.त संयोगिता फाईल मांडीवर घेऊन बसली होती. पुरात ढासळणाऱ्या नदीकाठावर तीन वर्षांपूर्वी सरकारनं माती धरून ठेवणाऱ्या वाळुंजाची चारशे रोपं लावलेली; ‘जगली : शून्य’ असं तिनं कालच लिहिलं होतं. आज फक्त सरपंचांची सही बाकी होती. पुढच्या सीटवर दोन बायका बोलत होत्या.

“झुंबरअक्का, काल झाडं मोजायला मॅडम आलती म्हणं?”

“आलती की. आमच्या मालकांनी काठ दावला. तिनं इचारलं, हितं किती जगली? मालक म्हणालं, हितं एक बी न्हाय.”

“आगं, आन् आपण बायकांनी उचलून वळणावर लावली ती?”

“त्ये तिनं इचारलंच न्हाय.”

“मग सांगायचं न्हाय व्हय?”

“सरकारी रोपं उपटली म्हणून केस घातली म्हंजे? साहेबांनी नकाशा बघून भलतीकडंच लावलती. नदी काठ तोडती ती वळणावर.”

“औंदाच्या पुरात वळण तसूभर हललं न्हाय बघ.”

“हलतंय कशानं? झाडं डोक्याच्या वर गेल्यात. पर शून्य लिवताना त्या पोरीचं तोंड एवढंसं झालतं म्हणं. जेवली बी न्हाय.”

“मावशी,” संयोगिता पुढं वाकली, “ते वळण दाखवाल का?”

झुंबरबाईंनी मागं वळून आधी फाईल बघितली, मग तिचं तोंड.

“उपटली म्हणून लिवणार न्हाईस न्हवं?”

“नाही.”

“मग चल. पर आदी जेवायचं, मग मोजायचं.”