वळणावरचा पाला

मारियाकानीच्या वजनकाट्यावर ट्रकांची रांग लागली होती. नफुला चहा गाळत होती, पण कान होते म्हाताऱ्या ड्रायव्हर म्वाकियोकडे आणि कंपनीचं प्रशिक्षण संपवून पहिल्याच फेरीला निघालेल्या फुमोकडे.

"आजोबा, मागच्या वळणावर कुणी रस्त्यात पाला टाकला होता. मी उतरून सगळा साफ केला!"

"कुठला रे तू?"

"लामू बेटावरचा. आमच्याकडे गाड्या नाहीत, गाढवंच."

"तरीच! अरे शहाण्या, पुढे गाडी बंद पडलीय, असं सांगायला टाकतात तो."

"कंपनीत तर त्यासाठी लाल त्रिकोण ठेवायला शिकवलं."

"त्रिकोण चोरीला जातो. माझी गाडी एकदा इतके दिवस पडून होती, की टाकलेल्या फांद्यांना मुळं फुटली. परवा त्याच झाडाचे आंबे खाल्ले."

"थापा!"

"बरं, थापा. पण पहिल्या फेरीत मीही असाच पाला झाडला होता, ही थाप नव्हे."

"मग काय केलंत?"

"फांदी घेऊन परत वळणाकडे पळालो."

"...आजोबा, माझा नंबर सांभाळा!"

नफुलाच्या टपरीवरच्या कडुलिंबाची फांदी मोडून फुमो वळणाकडे धावत सुटला. म्वाकियो तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

"नफुला, त्याचा चहा झाकून ठेव. माझा कुणी ठेवला नव्हता."