मोराची दोन घरं

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वैजयंतीमॅडम डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर राजमणी आणि तिची शेजारीण गोजरबाई बसल्या होत्या. राजमणीचा नवरा आत तपासणीला गेला होता.

“तुजा कम्प्युटर पळाय लागला का गं?” गोजरबाईनं विचारलं.

“व्हय मावशी. दुकानदार म्हणला, आतलं समदं पुसलं तरच पळंल. बारक्या घराघरांत रंग भरून काढलेली यांची पंधरा वर्षांची चादरीची डिझाइनं त्यातच की! आता यांना दिसत न्हाय, परत कोण काढणार? तसाच उचलून घरी आणला.”

“मग?”

“चालू करून हात लावला, तर नुस्ता तवा! मी येडी, धूळ बसू नये म्हणून चालू असतानाबी त्याला चादर पांघरत होते.”

“आपल्या मागावरची? आगं, उन्हाळ्यात?”

“व्हय की! मग बंद केला, वायर काढली, बाजूचं झाकण उघडलं. पंख्यात मागावरचा उडालेला कापूस गच्च. मऊ ब्रशनं हळूहळू काढला.”

“आन् तेवढ्यानं?”

“आदी चहा उकळून प्यायला तरी चालू होत नव्हता. आता पातेलं ठेवायच्या आत चालू!”

वैजयंतीमॅडमनी हातातलं मासिक मिटलं.

“मग डिझाइनं?” गोजरबाईनं विचारलं.

“समदी हायती. एकेक उघडून मी यांना नाव सांगत होते. मी ‘मोर’ म्हणले, तर हे भिंतीकडं तोंड करून म्हणतात कसं, डाव्या पंखात दोन घरं रंगवायची राहिलीत बघ.”

“न दिसता?”

“एकेक घर बोटानं मोजलं, मावशी. दोनच रिकामी होती.”