खाऱ्या टाकीची वाळू

– नाही हो, बांधकामाची वाळू नाहीच चालत. स्वस्त आहे, मान्य, पण तिच्यात माती असते, सिमेंट मिसळलेलं असतं, टाकीत टाकली की पाणी असं गढूळ होतं की मासा कुठं आणि तुम्ही कुठं! आणि किनाऱ्यावरून पोतं भरून आणायचं तर मनातही आणू नका – फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण तिच्यात तेल काय, घाण काय, काय काय मुरलेलं असतं कोण जाणे. बसा ना, उभे का? त्या पिशव्या ढकला बाजूला, स्टूल आहे खाली.

आता ही बघा, प्रवाळाची. खाऱ्या पाण्याला उत्तम. पण किंमत ऐकून तुमचा चेहरा उतरला तो मी पाहिला बरं का – अहो, लाजताय कशाला, घाऊक बाजारात माझाही उतरतो. मग करायचं काय? पोहण्याच्या तलावाच्या गाळणीत घालतात ना, ती वाळू खाली घालायची. सुरुवातीला तपकिरी शेवाळ धरते, धरू दे, जातं ते. आणि वर ही प्रवाळाची, तोंडाला पावडर लावावी तशी. सगळी मिळून दोन बोटं, बस्स. पण आधी धुवायची, पाणी नितळ निघेपर्यंत, बादल्यांवर बादल्या. टाकी केवढी आहे? सांगता येत नाही? मग फोटो असेल की मोबाइलमध्ये, दाखवा.

थांबा, चष्मा लावते… हं. मोठी करा जरा. अजून. – कुठून आणलीत ही टाकी? जुनी घेतलीत ते दिसतंय, पण कुठून? नाही हो, चोरीची नाही, घाबरू नका. ही कोपऱ्यात निळी पट्टी आहे ना, ती मी लावलीय. काच कापताना टवका उडाला, मी म्हटलं, गेली टाकी वाया, तर लेक म्हणाली, आई, असू दे, तिथं निळी काच लाव, समुद्राचा तुकडा वाटेल. माझ्या लेकीची टाकी आहे ही. लग्नात लोकांनी भांडी दिली, मी ही दिली – सगळे हसले. ती नाही हसली. मला मिठी मारून रडली.

पण तिनं विकली कशी असेल? परवाच तर फोन आला – आई, मासे मजेत आहेत, जोकरमासा आता माझ्या हातातून खातो. परवाच हो. तुम्ही कधी घेतलीत? – उन्हाळ्यात? नाही, नीट आठवा. उन्हाळा सरून किती दिवस झाले… मग परवा कुठला मासा तिच्या हातातून खात होता?

कशी होती बाई? उंच, बोलताना ओठ चावणारी? हं, तीच. आणि मासे? – पिशव्यांत भरून शेजाऱ्यांना वाटले. बरं. तुम्ही एकट्यानं उचललीत टाकी? अहो, ती एकट्याला पेलत नाही, तिनं एक बाजू धरली असती की. का नाही धरली? बोला ना. – कुठला हात? प्लॅस्टर कुठपर्यंत होतं? कोपराच्या वर… आणि तुम्ही विचारलंत तर काय म्हणाली? जिन्यावरून पडले.

तिच्या घराला जिना नाही हो.

जावई होता घरात? – आतून ओरडला. काय ओरडला? सांगा, मला काही वाटणार नाही. ‘पैसे माझ्याकडे द्या आणि आटपा.’ हं. माझ्याशी बोलायला इतका गोड – आई, तुम्ही कशाला एवढ्या लांब दगदग करता, आम्हीच येऊ! साखर पेरावी तर यानं. दर वेळी आम्हीच येऊ, आणि आले कधी नाहीत. मी म्हणायचे, नाही येत तर नाही, पोर संसारात रमलीय. सगळं बरं आहे म्हटल्यावर कुठली आई उलटतपासणी घेते? दर आठवड्याला बोलतो आम्ही, मासे, मासे आणि मासे – म्हणजे बघा, रिकाम्या खोलीत उभी राहून ती नसलेल्या माशांना माझ्यासाठी खायला घालत होती.

नको, पाणी नको मला. फोन? फोन नाही करणार. फोनवर ती मजेतच असते. आत्ता गाडी असते एक, ती धरते. पर्स कुठं ठेवली मी… आत जायचंच नाही, बसायचं नाही, दारातून नुसतं ‘चल’ म्हणायचं. आणि नाही आली तर? नाही आली तर पायरीवर बसेन. तो येऊ दे बाहेर, सगळी गल्ली येऊ दे.

तू असा काय बघतोस, बाळा? तुझा काय दोष, तू रीतसर घेतलीस, टाकी तुझीच. वाळू उद्या – नाही, उद्याचं नाही सांगत. हे पोतं उचल, ने असंच. नंतर बघू पैशांचं. नंतर म्हटलं ना! ऊठ. दिवा – राहू दे दिवा. हो बाहेर, शटर ओढू दे मला.