चौथा ठोका

…आणि वर मलाच म्हणतात, ‘डेल्मर, काय अमर काम करून ठेवलंस रे!’ अमर? अहो, चूक होती ती! एक ठोका हो... एकच ठोका लवकर! खुनी माणूससुद्धा वीस वर्षांनी सुटतो, माझं अठ्ठावन्नावं चालू आहे!

तुम्हाला सांगतो, सहासष्ट साल, आम्ही ओहायोतली पाच पोरं, बँडचं नाव ‘केटल क्रीक फाइव्ह’. पुढे एकेक करून दोघंच उरलो तरी नाव फाइव्हच, कारण पाटी रंगवलेली होती! गाणारा ऑर्विल, ड्रमवर मी. गाणं काय, तर ‘थांब, लुएला’. ऑर्विल गळा काढून म्हणायचा, ‘थांब, लुएला, थांब...’ मग सगळं चिडीचूप. मी मनात चार मोजायचे आणि मग धाड्! एवढंच! बैलालासुद्धा जमेल! पण ऐन रेकॉर्डिंगला माझ्या नाकात शिंक येऊन बसली. म्हटलं, ही बाहेर पडायच्या आत वाजवून मोकळं व्हावं. तीनच मोजले आणि धाड्! तो तिकडे ‘थांब थांब’ म्हणतोय आणि मी थांबायलाच तयार नाही! शिंक? ती आलीच नाही मेली! मी म्हटलं, ‘परत घेऊ या.’ रेकॉर्डिंगवाला घड्याळ बघत म्हणतो, ‘कसलं परत? कुत्र्याच्या बिस्किटांची जाहिरातवाले दारात उभेत! असू दे, रेडिओवर कोणाला कळतंय!’

कोणाला कळतंय? सगळ्या देशाला कळलं! पोरं गाडीच्या टपावर त्याच जागी बुक्की मारायला लागली, धाड्! एका प्राध्यापकाने लेख लिहिला, म्हणे त्या ठोक्यात आख्ख्या पिढीची अधीरता आहे. पिढीची कसली डोंबलाची! नाकाची होती!

आणि मग काय... जत्रा म्हणू नका, बोटी म्हणू नका, कसिनोतले दुपारी दोनचे म्हाताऱ्यांचे कार्यक्रम म्हणू नका, रोज तीच चूक, मुद्दाम, मोजूनमापून! चौऱ्याहत्तरला इंडियानाच्या जत्रेत एकदा हट्टाने बरोबर वाजवलं, तर पुढच्या रांगेतली बाई उठून ओरडली, ‘अहो, खरा ड्रमर कुठंय?’

ऑर्विल हसून हसून लोळला. त्याची एक खोड होती. ‘थांब’ म्हणून झालं की मागं वळायचा, माझ्याकडे बघून एक भुवई वर करायचा आणि मग मी चुकायचो. रोज! म्हणायचा, ‘डेल्मर, लोक माझा गळा ऐकायला येत नाहीत रे, तुझी चूक ऐकायला येतात.’ मी म्हणायचो, ‘मला अजून एकदा, फक्त एकदा लोकांसमोर हे नीट वाजवू दे. मरायच्या आत!’ तर म्हणतो, ‘शेवटच्या कार्यक्रमात. मी वळून बघीन, तू चार मोज. शब्द देतो.’ पण शेवटचा कार्यक्रम कुठला ते आधी कुणाला कळतं हो? एप्रिलमध्ये सकाळी पायात मोजे घालता घालता गेला. एक घातलेला, एक हातात.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमचे सँडविच, बटाट्याचं ते भाजून केलेलं, हिरवी जेली. आणि ऑर्विलची बायको वॅनेटा माझा हात धरून म्हणते, ‘डेल्मर, त्याचं गाणं वाजव. आम्ही सगळे म्हणतो.’ तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी ठरवलं. शब्द दिला होता ना त्यानं? मग आज!

मी कोपऱ्यातला चर्चचा ड्रम पुढ्यात ओढला, ऑर्गनवाल्या बाईनं सूर धरला, दोनशे माणसं रडक्या आवाजात म्हणाली, ‘थांब, लुएला, थांब...’ आणि चिडीचूप. एक. दोन. तीन... तिसऱ्यावर सगळ्या माना सवयीनं हलल्या आणि तशाच अडकल्या! मी थांबलो. चौथा ठोका केवढा लांब असतो हो! त्या इंडियानाच्या जत्रेनंतर मी तिथे कधी गेलोच नव्हतो. समोर बघितलं, तो वळायची ती जागा... मोकळी. कोणी वळलं नाही. मग वाजवलं, धाड्! अगदी बरोबर! आयुष्यात पहिल्यांदा दाद मिळावी असं!

कुणाच्या तरी हातातून जेलीचा चमचा खाली पडला. वॅनेटा उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि म्हणाली, ‘असू दे रे डेल्मर. आजच्या दिवशी चुकतं माणूस. परत घेऊ या.’

परत घेऊ या! अठ्ठावन्न वर्षांपूर्वी मी हेच म्हटलं होतं... जाऊ दे.

घेतलं परत. तीन मोजले आणि धाड्! सगळं तळघर ढसाढसा रडलं. म्हणाले, ‘हां, आता कसं बरोब्बर!’