गेटापाशी थांबलेली जीप

हॅलो?… हां, रामहरी… व्हय, मीच केले होते फोन. चार वेळा… नाय नाय, आबांना काय झालं नाय. बरे हायेत. बसलेत तिकडं खुर्चीवर. मी जरा लांब आलेय, तुझ्याशी बोलायला…

शहरात आलोय. जालना रोडला ते रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन लागलंय ना, त्या हॉलात… खऱ्या नाय रे, लहान लहान. पण खेळणी म्हणायला जीभ धजत नाय. अख्ख्या हॉलभर रूळ मांडलेत. बोगदे, पूल, स्टेशनं… काडेपेटीएवढे डबे अन् तुरीच्या दाण्याएवढी माणसं. आमच्या लेकीनं, संस्कृतीनं, आठ दिवस डोकं खाल्लं, आजोबांना घेऊन जाऊ, आजोबांना घेऊन जाऊ. लेकराला काय ठावं. सकाळच्या एसटीनं निघालो तिघं दौलताबादवरून…

अरे ऐक ना… माहितीय, जेवणाची सुटी हाय तुझी. डबा खात खात ऐक. पण ठिवू नको. आबांचं नाव निघालं की तू फोन ठिवतोस. आज नको ठिवू. तुझी थोरली बहीण म्हणून सांगते.

तर इथं एक गेट हाय. रेल्वेफाटक. हुबेहूब आपलं, रामहरी. तसाच लाल-पांढरा दांडा, गेटमनची खोली, बाजूला लिंबाचं झाड. पलीकडं स्टेशन, मधी वळण… अन् गेटापाशी एक जीप थांबवलीय…

हॅलो?… हायेस का?… बरं. मला वाटलं ठिवलास.

त्यो मांडणारा प्रणय म्हणून हाय, इंजिनिअर. संस्कृतीनं त्याला सांगून टाकलं, आमचे आजोबा एकतीस वर्षं गेटमन होते. त्यानं लगेच खुर्ची टाकली अन् गेटाचं बटण आबांच्या हातात दिलं. म्हणला, काका, आज तुमची ड्युटी… व्हय, घेतलं की. टोपी नीट केली, ताठ बसले. मला बरंच वाटलं. म्हणलं किती वर्षांनी माणूस खुशीत हाय.

मग एक गाडी गेली. पोरं लागली ओरडायला, उघडा आजोबा, उघडा. आबा काय बटण दाबंनात. प्रणय म्हणला, काका, गेली गाडी, उघडा आता. नाय. आजूबाजूची माणसं हसायला लागली. मलाच कसनुसं झालं. संस्कृती म्हणली, आजोबा, त्या जीपवाल्यांनी किती वेळ थांबायचं?

तवा बोलले. अठरा वर्षं ज्या गोष्टीवर ब्र काढला नाय, त्यावर बोलले. म्हणले, "जीपमधी माझीच माणसं हायेत. म्हणून तर उघडायचं नाय."

…

हां… हां… ठावं हाय मला. मी नव्हते का त्या जीपमधी? मायचं डोकं माझ्याच मांडीवर होतं ना? तिला साप चावला तवा मेंढरं तशीच रानात सोडून जीप कुणी बोलावली?… तू बारा वर्षांचा होतास. खाली उडी मारून गेटाला लटकलास. आबा, माय हाय, उघडा, उघडा. अन् आबांनी तुला बखोटीला धरून बाजूला केलं. तू इसरला नाहीस, मीबी इसरले नाय. दवाखान्याच्या दारात तिचा हात गार लागला तो माझ्या हाताला.

काय?… दोन गाड्यांच्या मधी दोन मिनिटं होती?… व्हय, अठरा वर्षं हेच घोकतोयस. पहिली गाडी गेल्यावर जीप निघून गेली असती. मलाबी तसंच वाटायचं. खोटं कशाला बोलू.

पण आज मी वरून पाहिलं रे. जीपमधून आपल्याला नुसता दांडा दिसत होता. इथं वरून समदं दिसतं. पहिली गाडी स्टेशनात शिरली की तिथं थांबलेली दुसरी सुटते. वळणाच्या आडून येते, गेटापाशी येईस्तोवर दिसत नाय. प्रणयनं ती सोडली अन् जीपच्या नाकासमोरून सणकन गेली. माझ्या अंगावर काटा आला…

हां, खेळण्यातली हाय. मान्य. असतीलबी दोन मिनिटं. आबांनाबी ते ठावं असंल. पण दोन्ही गाड्यांना गेट बंद हाय म्हणून त्यांनी स्टेशनला फोनवर खुणेचा नंबर दिलेला होता. नंबर दिला म्हणजे शब्द दिला. त्या शब्दावर गाडी सुटते, हजार माणूस बसलेलं असतं तिच्यात…

थांब, मधी बोलू नको. वाळूजला कंपनीत तू काय करतोस? मशिनीत माणूस उतरला की ती कुणी चालू करू नये म्हणून आपलं कुलूप लावायचं अन् चावी खिशात. साहेब बोंबलला तरी द्यायची नाय. दिवाळीला तूच सांगत होतास, छाती फुगवून. अन् समज, बाहेर तुझी बायको, सोनिया, तडफडत असली, तर देशील चावी?

…

मला नको सांगू. मला उत्तर नकोच हाय.

दुसरी गाडी गेल्यावर आबा उठले, खिशातला रुमाल काढला अन् शेवटचा डबा जाईपर्यंत झेंडीगत हलवत उभे राहिले. मग गेट उघडलं. अन् खाली बसून रडले. मायच्या मातीलाबी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं त्यांनी. तू तेच धरून बसलास, अन् मीबी कधी तुला टोकलं नाय. चुकलंच माझं.

घे, देते त्यांना… नको काय? तू बोलू नको, नुसतं ऐक. आणि हे बघ, फोनवर आपण बोललेलं ते माघारी म्हणून दाखवतात. गेटावरची सवय हाय ती, स्टेशनातून सांगतील ते आधी परत म्हणायचं, मग पुढं बोलायचं. चिडू नको त्यावर… आलेच त्यांच्यापाशी… आबा, हे घ्या. रामहरी हाय… व्हय, आपलाच. धरा नीट, कानाला लावा.

— हॅलो. केरबा बोलतोय…

बोला… आवाज येत नाय…

'मी रामहरी.' हां. रामहरी…

'जेवलात का.' जेवलो. सुकेशनीनं भाकर बांधून आणली होती…

हां… बोल. मी हाय लायनीवर…

'त्या दिवशी तुम्ही मायकडं पाहिलं का.' … नाय. सिग्नलकडं पाहत होतो…

'एकदाबी नाय.' … एकदाबी नाय. … पाहिलं असतं तर गेट उघडलं असतं, लेकरा.

…

रड. रड तू. मी हाय.

…

हां, ऐकतोय… 'तीनला सुटतो.' तीनला सुटतो. बरोबर… 'तिथंच थांबा, न्यायला येतो.' थांबतो. … कुठं जायचंय आता मला, थांबतो की…

'चार वाजतील.' चार. बरोबर… सुकेशनी, लिहून घे गं, चार…

आता ठिव… नाय, तू ठिव. मी आधी ठिवत नसतो.