थोरल्यांनी न काढलेलं कडं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या फुंकर मठाचे विश्वस्त माननीय नामदेवराव, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते मठाचे थोरले आदरणीय भगवंतराव, आजपासून त्यांच्या जागी बसणारे संदेश, खाणमंडळाकडून आलेले सन्माननीय पाहुणे, जामबागच्या मठातले माझे गुरुबंधू-गुरुभगिनी, आणि चंद्रांवरच्या वस्त्यांतून पडद्यावर हा सोहळा पाहणारी आपली माणसं, सर्वांना मीनाचा नमस्कार.

मठातली सर्वांत जुनी फुंकरी म्हणून आज बोलण्याचा मान माझ्याकडे आला. नामदेवराव मघाशी हळूच म्हणाले, "मीनाताई, थोडक्यात आवरा, मागं बघारे बैंगन निवायला लागलेत." मी त्यांना हो म्हटलं खरं. पण मी माईकसमोर पहिल्यांदाच उभी आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

पाहुण्यांपैकी काहींना आमच्या कामाची माहिती नसेल, म्हणून दोन शब्द. लहानपणी गुडघा फुटला की आई फुंकर घालायची आणि बरं वाटायचं. आम्ही फुंकर घालतो आणि मग श्वास आत ओढतो. त्यासरशी दुखणं त्या माणसातून निघून आमच्या अंगात येतं. जखमेला औषध लागतंच, ते डॉक्टरांचं काम. पण औषध पोचेपर्यंत माणूस वेदनेनं मरू नये, एवढं आम्ही बघतो. घेतलेलं दुखणं मिठाच्या कुंडीत हात बुडवून सोडायचं असतं. सोडलं नाही, तर ते आमच्याकडेच राहतं.

एका अंगाला किती पेलवेल, त्याला आम्ही ओंजळ म्हणतो. ती भरली आणि मीठ जवळ नसेल तर काय करायचं? त्याचा नियम मठाच्या दारावरच कोरलेला आहे. थोरल्यांच्या मनगटात एक कडं असतं. ते असेपर्यंत कुणाचंही दुखणं त्यांच्यात शिरत नाही, कारण आणीबाणीत कुणीतरी शुद्धीवर राहून हुकूम द्यायला हवेत. पण फुंकरीची ओंजळ भरली, तिनं मागितलं, की थोरल्यांनी कडं काढायचं आणि अर्धं स्वतः घ्यायचं. आजच्या पिढीला ती जुनी अक्षरं नीट वाचता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून वाचून दाखवल्यासारखं सांगितलं.

आता थोरल्यांविषयी. त्यांनी मठासाठी काय केलं नाही? जामबागला दुसरा मजला चढला तो त्यांच्या काळात. सिकंदराबादच्या यानतळावर मठाच्या यानाला स्वतंत्र फलाट मिळाला, तोही त्यांच्यामुळे. मोठ्या माणसांत कसं उठावं-बसावं, हे त्यांच्याकडून शिकावं. आणि त्यांच्या नावावरची सर्वांत मोठी कामगिरी तर आताच मानपत्रात वाचली गेली. शिशिर चंद्रावरच्या स्फोटात चाळीस खाणकामगारांचं दुखणं त्यांनी स्वतःच्या देहावर झेललं. आपण टाळ्या वाजवल्यात.

मी त्या दिवशी शिशिरवर होते, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते.

अकरा वर्षं झाली. थोरले नुकतेच गादीवर बसले होते. त्यांच्यासोबत आम्ही दोघीच फुंकरी गेलो होतो, मी आणि माझी थोरली बहीण त्रिवेणी. आम्ही काचीगुड्याच्या. वडील रेल्वेत होते. अक्का आधी मठात गेली आणि तिच्या मागं मी. अक्कानं फुंकर घातली की आजारी माणूस आधी हसायचा आणि मग झोपायचा. कारण फुंकर घालताना ती काहीतरी मजेशीर बोलायची, निम्मं मराठी, निम्मं दखनी.

शिशिरवर दिवस लांबच लांब असतो. पत्र्याच्या एका शेडमध्ये चाळीस माणसं भाजलेली, चेंगरलेली पडली होती. नांदेडकडची, परभणीकडची, करीमनगरची. औषधांचं यान वाटेत होतं. माझी ओंजळ सात-आठ माणसांतच भरली आणि मी भिंतीला टेकले. आमचं मीठ होतं आमच्या यानात, आणि ते यान थोरल्यांनी खाणमंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांना आणायला पाठवलं होतं. अध्यक्षांना पाहणी करायची होती.

अक्का एकटीच पुढं सरकत राहिली. एका बाजेवर दत्तोबा होते. त्यांचा उजवा हात यंत्रात सापडला होता. ते म्हणाले, "ताई, माझं ऱ्हाऊ द्या, त्या शेजारच्याला बघा." अक्कानं शेजारच्याला बघितलं आणि परत फिरून दत्तोबांनाही बघितलं. दत्तोबा आज तिसऱ्या ओळीत बसलेत. मीच त्यांना बोलावलं.

मग अक्का शेडच्या दाराशी गेली. तिथं थोरले उभे होते. मी टेकले होते तिथून सगळं ऐकू येत होतं.

अक्का म्हणाली, "थोरले, माझी ओंजळ भरली. कडं काढा, अर्धं घ्या."

थोरले म्हणाले, "अध्यक्ष पोचतीलच. मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय. तुझं घेतलं तर उभा कसा राहू?"

"मग यान आधी इकडं उतरवा. मीठ तरी मिळू द्या."

"अध्यक्षांना ताटकळत ठेवू? जा, निम्मी शेड राहिलीय अजून."

 अक्का एवढंच म्हणाली, "हौ." आणि आत वळली.

राहिलेली निम्मी शेड तिनं केली. शेवटची माणसं तर तिनं गुडघ्यांवर सरकत केली. अध्यक्ष आले तेव्हा चाळीसही जण शांत झोपले होते आणि थोरले ताठ उभे होते. यान लांबच्या तळावर उतरलं होतं, मीठ अजून शेडपर्यंत आलं नव्हतं. फोटो निघाले. त्याच वेळी शेडच्या मागं, पाण्याच्या टाक्यांच्या आडोशाला, अक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिला श्वास ओढता येत नव्हता. मी म्हटलं, "अक्का, मला दे." ती म्हणाली, "मीने, तुझ्यात जागा नाही गं." मी हट्ट धरला तेव्हा म्हणाली, "बरं, एवढं दत्तोबाचं घे. हातातलं." ते मी घेतलं. तेवढ्यानं ती थोडा वेळ मोकळा श्वास घेऊ शकली. "दत्तोबा झोपले का?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, झोपले. त्यानंतर ती बोलली नाही.

चौकशी झाली. थोरल्यांनी सांगितलं, "त्रिवेणीला मोठेपणाची हाव होती. मी थांब म्हणत होतो, ती थांबली नाही. ती कोसळल्यावर बाकी सगळं मीच झेललं." मी खरं सांगितलं, तर म्हणाले, हिची ओंजळ भरलेली, ही शुद्धीवर कुठं होती? मठात थोरल्यांचा शब्द शेवटचा. नियम मोडणाऱ्या फुंकरीचं नाव स्मरणभिंतीवर लागत नाही, म्हणून अक्काचं लागलं नाही. मग ते काचीगुड्याला आमच्या घरी आले, खुर्चीत बसले, आणि हेच माझ्या आईला सांगून चहा पिऊन गेले. आईनं कधी मठाच्या थोरल्यांवर अविश्वास दाखवला नव्हता. तिनं अक्काचा फोटो भिंतीवरून उतरवला. मी किती सांगितलं, तिनं ऐकून घेतलं नाही. परवाच्या चैत्रात आई गेली. शेवटी सगळ्या नातेवाइकांची नावं घेत होती. अक्काचं घेतलं नाही.

हे मी थोरल्यांना माफ करावं, असं कुणाला वाटतंय का? वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

शिशिरवरून परतल्यावर बाकी सगळं मी मिठात सोडलं. दत्तोबांचं सोडलं नाही. अकरा वर्षं ते माझ्या या उजव्या हातात आहे. याच हातानं मी पोळ्या लाटल्या, स्कूटर चालवली, आईला अग्नी दिला. आपण विचाराल, इतकी वर्षं थांबलीस कशाला? कड्यासाठी थांबले. थोरले अंघोळीलासुद्धा ते काढत नसत. आज त्यांनी ते काढून संदेशच्या हातात घातलं. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

फुंकर बाहेरच्या बाजूनंही घालता येते, आपल्यातलं दुखणं दुसऱ्याच्या अंगात सोडता येतं. आम्हाला ते पहिल्या वर्षी सांगतात आणि कधीही करू नका म्हणून बजावतात. जो करील त्याला मठ सोडावा लागतो. हे माझं पांढरं उपरणं मी टेबलावर ठेवते आहे. नामदेवराव, आपल्याला निर्णय घ्यायचा त्रास नको. आता मी थोरल्यांच्या खुर्चीजवळ येते. माईक माझ्या हातात आहे, आवाज येत राहील.

थोरले, हात द्या. असा.

झालं.

बसा, सगळे बसा. घाबरू नका, यानं माणूस मरत नाही. मी जिवंत आहे, दत्तोबाही आहेत. हे एकाच माणसाचं आहे, थोरले. अक्काकडं असली बत्तीसेक होती, आणि तिनं ओरडून शेडमधल्या कुणाला जागं केलं नाही.

संदेश, तू उठलास. कडंही काढलंस. बघितलं मी. त्या दिवशी शेडच्या दारात एवढंच हवं होतं. पण आता ते परत घाल आणि मागं हो. यांच्याकडून कुणीही काही घ्यायचं नाही. इथं साठेक फुंकरी बसलेत, मी सगळ्यांनाच सांगते.

थोरले, मला एकच हवंय. दारात काय झालं ते सांगा. माईक धरलाय मी.

मोठ्यानं. चंद्रांवरही लोक ऐकताहेत.

ऐकलंत ना सर्वांनी? मागच्या ओळींना ऐकू आलं नसेल तर मी पुन्हा सांगते, त्यांच्याच शब्दांत. "तिनं मागितलं होतं. मी कडं काढलं नाही. तिला हाव नव्हती." नामदेवराव, हे इतिवृत्तात घ्या. आणि उद्या सकाळी भिंतीवर नाव लागू द्या. त्रिवेणी, एवढंच लिहा.

दत्तोबा, तुम्ही डोळे पुसा. तुमचं काही चुकलेलं नाही.

मिठाची कुंडी जामबागला आहे. संध्याकाळची गर्दी धरली तरी फार लांब नाही. पण अजून अध्यक्षीय भाषण व्हायचंय, मग आभार, मग पसायदान. मोठ्या माणसांना ताटकळत ठेवून मधेच उठून जाणं थोरल्यांना कधी आवडलं नाही. तेव्हा ते शेवटपर्यंत बसतील. मग संदेश त्यांना गाडीतून नेईल आणि कुंडीत त्यांचा हात त्यांनाच बुडवू देईल.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांची आणि आयोजकांची मी ऋणी आहे. शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपलेही आभार मानते. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द कमी-जास्त गेला असेल, मानपानात काही राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. जे केलं, त्याची क्षमा मी मागत नाही. नमस्कार.