सरासरी भूक

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर पाहुणे, पहिल्या रांगेतल्या आमच्या वहिनी, आणि माईक गवंड्याच्या हाती गेलेला पाहून घड्याळाकडे बघणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

किमान वेतन कार्यालयातून आज निवृत्त होणाऱ्या काडीभाऊंबद्दल थोडक्यात बोला, अशी मला ताकीद आहे. अहो, थोडक्यात भिंतीला गिलावासुद्धा होत नाही! पण असो.

पूर्वी आपल्याकडे दर धंद्याची मजुरी वेगळी. गवंड्याला एक, धोब्याला दुसरी, आणि काडेपेटीच्या कारखान्यात तर मालकाच्या मनाला येईल ती. मग सरकारने ठरवलं, सगळ्या देशाला एकच किमान वेतन. त्यासाठी समिती बसली. बसली ती बसलीच! माणसाला जगायला किती लागतं, इथेच घोडं अडलं. मालक म्हणत, कामगार खातो तरी किती? शेवटी एका विद्वान सभासदांनी तोडगा काढला. दोन्ही बाजूंनी एकेक माणूस आणा, सर्वांसमक्ष पोटभर जेवू घाला, आणि दोघांची सरासरी काढून दर ठरवा. हसताय काय? कायदे कसे होतात असं वाटलं तुम्हाला?

आमच्या बाजूने मी गेलो. का, ते माझ्याकडे बघून कळेलच. काडेपेटीवाल्या शेठनी आपला कारकून आणला, हेच आपले काडीभाऊ. फुंकर मारली तर उडतील असे! शेठनी त्यांना जिन्यातच दम भरला, "एक पाव, एक बटाटा. वर एक घास गेला तर उद्या कामावर यायचं नाही." मी मागेच होतो, सगळं ऐकलं.

मी दणकून जेवलो. काडीभाऊंनी एक पाव, एक बटाटा संपवला आणि हात थांबवला. शेठ मिशीत हसले. म्हटलं, झालं, आमचं वाटोळं! तेवढ्यात काडीभाऊंनी ताटली पुढे केली.

"मावशी, वाढा."

शेठ खाकरले.

"बटाटेपण."

शेठ खोकले.

"रस्सा देऊ?" वाढणाऱ्या मावशींनी विचारलं.

"विचारताय काय!"

शेठना ठसका लागला, पाणी आणावं लागलं, तोवर भाऊंनी पातेलंच जवळ ओढलं. मी हात टेकले. मी, हो! समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मालकांचाच माणूस एवढं खातो, मग वाद कसला?" दर आमच्या मागणीच्याही वर गेला.

शेठनी भाऊंना तिथल्या तिथे काढून टाकलं. बाहेर पायरीवर ते पोट धरून बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, कधीचे उपाशी होता हो?"

"छे! दुसऱ्या पावालाच पोट भरलं होतं."

"मग?"

"कारखान्यातल्या बायका डोळ्यांसमोर यायला लागल्या. एकेक आठवली की एकेक बटाटा ढकलला."

खरं सांगतो, मला तिथेच रडू आलं. भाऊ मात्र ढेकर देऊ की नको, या काळजीत होते. पुढे याच कार्यालयाने त्यांना सन्मानाने नोकरी दिली, हे आपण जाणताच.

आयोजकांचे आणि आपल्या सहनशीलतेचे आभार. गवंड्याची जीभ आहे, कुठे ओबडधोबड लागली असेल तर पोटात घाला. आणि एक विनंती. आता खाली पंगत बसेल, तेव्हा कृपा करून काडीभाऊंना आग्रह करू नका. त्यांचं आपल्या सगळ्यांच्या वाटचं जेवून झालेलं आहे.